शिंदीखान्यासमोरचा दोर

मन्नाएखेळ्ळीत इरप्पाअण्णांनी किती शिंदी घेतली आहे हे कळायला कोणाला त्यांच्या जवळ जावं लागत नसे. ते कोणत्या भाषेत बोलताहेत एवढं लांबून ऐकलं की पुरे. कोरडे असले की मराठी. पहिल्या पेल्याला कानडी, कारण ती त्यांच्या आईची भाषा आणि पहिल्या पेल्याला माणसाला आई आठवतेच, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याला उर्दू, आणि तीही बाजारातली नव्हे, जुन्या तहसील कचेरीतली. त्या अवस्थेत ते सडकेत बसलेल्या म्हशीपुढे वाकून "तकलीफ माफ, जरा तशरीफ उठाइए" अशी विनंती करत आणि ती उठेपर्यंत अदबीनं उभे राहत. त्याच्या पुढं गेलं की तेलुगू. तेलुगू त्यांना येत नव्हती. जहिराबादकडच्या गाडीवानांकडून ऐकलेले चार-दोन शब्द ते आलटून पालटून म्हणत घरी यायचे. दाराच्या आत गौराक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, कान देऊन भाषा ओळखायच्या आणि ताट वाढायचं की नुसतं अंथरूण घालायचं ते ठरवायच्या.

मी त्या गावात शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आणि कानडी आली होती, पण फळ्यावर उजवीकडून सुरुवात करायची पोरांची सवय काही गेली नव्हती. मला खोली मिळाली ती मोठ्या सडकेवर, अण्णांच्या दुकानाला लागून. दुकान दोरखंडाचं. कासरे, दावी, वेसणी, मोटेचे नाडे, घुंगरमाळा. अण्णा उंचेपुरे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि हात कधी रिकामे नाहीत. बोलताना दोराचा एखादा तुकडा घ्यायचा, गाठ मारायची, सोडवायची, पुन्हा मारायची. बोलणं रंगात आलं की दोर संपल्याचं भान राहायचं नाही, मग हाताला लागेल ते बांधत. माझी छत्री त्यांनी दुकानाच्या खांबाला बांधली आहे, पटवाऱ्याची पिशवी पटवाऱ्याच्याच घोड्याला उलटी बांधली आहे, आणि एकदा माझ्या धोतराचा सोगा बाजेच्या पायाला असा पक्का बांधला की मी उठलो तेव्हा बाजही उठली. विषय संपला असं त्यांना वाटलं की ते हात झटकून "आयितु!" म्हणत. कानडीत आयितु म्हणजे झालं. समोरच्याचं झालंय की नाही याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नसे.

असा माणूस पितो म्हणून त्याच्यावर रागवायला फार कष्ट पडतात. गाव त्या कष्टांत पडलंच नाही. गौराक्का पडल्या, कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. आणि पडली पारू.

पारू ही त्यांची एकुलती एक लेक, नुकतीच कमठाण्याला दिलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा अण्णांनी सडकेवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला गूळ वाटला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. सातव्या महिन्यात साडीचोळी करून, ओटी भरून लेकीला घरी आणायचं, ही रीत मोडली तर लोक आईबापांत काहीतरी खोट आहे असं समजायचे. गौराक्का दुपटी शिवायला बसल्या, आणि अशात एक दिवस कमठाण्याचे व्याही बसलिंगप्पा स्वतः आले. हा माणूस सरळ, फटकळ, विभूतीचे पट्टे अण्णांपेक्षा रुंद. गूळपाणी घेतलं आणि म्हणाले, "लेक तुमची, पर सून आमची हाय. पिणाऱ्याच्या घरी तिला बाळंतपणाला धाडणार न्हाई. शिंदी सुटली म्हनून कळवा, मी सोता गाडी जुपून आणून सोडतो."

अण्णांना वाटलं, पारू सासऱ्याशी भांडेल. पण गावोगाव फिरणाऱ्या कासारणीबरोबर तिचा निरोप आला तो असा: "अप्पाला सांगा, मामाचं बरूबर हाय. ल्हानपणी मी शिंदीखान्याच्या दारातून अप्पाचा हात धरून घरी आणत होते. माझ्या लेकराला त्यो दरवाजा दिसू ने." अण्णा त्या संध्याकाळी कोणत्याच भाषेत बोलले नाहीत.

सोडायचं तर त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. सुटेना. एकदा शेतात जाऊन बसले, एकदा गौराक्कांना बाहेरून कडी लावायला सांगितली आणि मागच्या खिडकीतून गेले. शेवटी एक दिवस माझ्या दारात उभे राहून माझ्याच कंदिलाच्या कडीला सुतळीची गाठ मारत म्हणाले, "गुरुजी, मी कदी एकट्यानं पिली न्हाई. मग एकट्यानं सोडू कामून? पिणाऱ्याची बैठक असती, तशी सोडणाऱ्याचीबी असणारच की कुठंतरी." आणि लेकीसाठी स्थळ बघायला निघावं तसे अण्णा बैठक शोधायला निघाले.

पहिलं स्थळ मठाचं. सोमवारी सकाळी तिथे स्वामींचं प्रवचन असे. स्वामी मोठे प्रेमळ, पण त्यांचा विषय आत्मा. अण्णांनी दोन-तीन सोमवार आत्मा ऐकला आणि मग हात जोडून विचारलं, "अप्पाजी, हे समदं खरं. पर दिवे लागायच्या वक्ताला घशात जे हुतंय त्याचं काय करू?" स्वामी म्हणाले, नामस्मरण करा. बसलेली मंडळी मात्र एकदम वर कडीपाटाकडे बघू लागली आणि अण्णांच्या शेजारचा माणूस हातभर सरकून बसला. त्या गर्दीत ज्यांनी कधी घेतली नव्हती ते अण्णांना भीत होते आणि ज्यांनी घेतली होती ते ओळख दाखवायला भीत होते. "लई चांगली मान्सं," अण्णा मला म्हणाले, "पर हिरीत पडल्याला वर यायची वाट हिरीत पडलेलाच सांगणार. तितं कुणी पडलेलाच न्हाई, किंवा पडलेला कबूल होत न्हाई. आयितु."

दुसरं स्थळ भजनी मंडळाचं. ते जेवणं झाल्यावर मारुतीच्या देवळात बसत. तिथे उलटा प्रकार. कबूल व्हायला सगळे तयार, कारण सगळे घेऊनच आलेले. मृदंगवाल्याचा हात जो सुटायचा तो भक्तीनं सुटायचा असं मी समजत होतो, ते अण्णांनी मला समजावून सांगितलं. त्या बैठकीहून ते उर्दूत परतले आणि गौराक्कांना त्यांनी "बेगमसाहेबा" म्हटलं. गौराक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "गुरुजी, बेगम म्हंजे काय हो, शिवी हाय का?" मी नाही म्हणालो, पण त्यांचा विश्वास बसला नाही.

तिसरं स्थळ सर्वांत भारी. तालुक्याहून पांढऱ्या टोप्यांची मंडळी दारूबंदीची सभा घ्यायला आली. नवीन राज्य होतं, सभांना तोटा नव्हता. वक्त्यांनी शेवटी विचारलं, आजपासून कोण सोडणार? कुणीच उठेना. वक्ता तसाच हात वर करून उभा. अण्णांना पाहुण्याचा अवमान बघवेना, ते उठले. टाळ्या झाल्या, झेंडूचा हार घातला, त्यांच्याकडून सर्वांदेखत शपथ म्हणवून घेतली. जन्मात त्यांना कोणी हार घातला नव्हता, लग्नातलं सोडून. तो आनंद त्यांना पेलवला नाही. तिन्हीसांजेला अख्खं गाव तेलुगू ऐकत होतं, आणि हार मधल्यामध्ये कुणाच्या तरी बैलानं खाल्ला होता.

सातवा महिना जवळ येत होता. गौराक्का दुपटी शिवून कपाटात ठेवत आणि पुन्हा काढून बघत. एकदा मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं. अण्णा दुकानात बसून स्वतःशी हिशेब मांडत होते. तो त्यांनी मला असा सांगितला: "मठ सकाळचा. भजन जेवल्यावरचं. सभा वर्साला एकदा. आनि माझी तहान दिवेलागणीची. त्या वक्ताला समदे आपापल्या घरी. मोकळा आसतो त्यो एकटा गुत्तेदार." गुत्तेदार म्हणजे शिंदीचा सरकारी ठेका घेतलेला माणूस. मी म्हणालो, मग त्या वेळेला दुसरीकडे फिरायला जात जा. ते म्हणाले, "पायाला इचारलं का? पाय तिकडंच जातेत. जाऊ द्यात त्यांला. दारापतुर जायचं काम पायाचं, आत जायचं का न्हाई ते मी बगतो."

आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अण्णा खरोखरच शिंदीखान्यावर गेले. पण जाताना खांद्यावर तागाचा भारा, बगलेत लाकडी खुंट्या, आणि हातात दोर वळायची मूठ.

इथे जरा दोराविषयी सांगायला हवं. पूर्वी अण्णांच्या परसात दोर वळला जाई. उन्हात ताग तडकतो, म्हणून तिन्हीसांजेला, हवेत जरा ओल आली की हे काम करायचं. त्याला तीन माणसं लागतात. एकानं खुंटीपाशी मूठ फिरवत राहायची, दुसऱ्यानं लांब उभं राहून टोक ताणून धरायचं, आणि तिसऱ्यानं तीन पेड बोटांत धरून एकात एक बसवत मधून चालायचं. त्यात एक जरी उठून गेला तरी पीळ सुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. अण्णांच्या घरी तीन माणसं म्हणजे ते, गौराक्का आणि पारू. पारू सासरी गेली आणि दोर वळणं बंद पडलं. तेव्हापासून अण्णा उदगीरच्या बाजारातून तयार दोर आणून विकत, आणि पूर्वी दोर नसलेल्या तिन्हीसांजेलाच जे करत ते आता रोज करू लागले.

शिंदीखान्याला ताट्यांचं कुंपण होतं, पुढं मोकळी जागा, तिथे एक चिंच. अण्णांनी चिंचेखाली खुंटी ठोकली आणि वाट बघत बसले. पहिला आला कासीम नालबंद. बैलांना नाल ठोकणारा, अण्णांचा पेल्याचा जुना सोबती. "काय करायलेत अण्णा?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "कासीमभाई, जरा हे टोक धर." कासीमनं धरलं. मागून मारोती म्हणून एक शेतकरी आला, त्याला मूठ दिली. दोर सुरू झाला आणि कोणालाच उठता येईना. मारोतीनं दोनदा दाराकडे बघितलं. कासीम म्हणाला, "सोडू नक्को रे, माझी मेहनत बरबाद हुईल." दोर पुरा होईपर्यंत चांगलाच अंधार पडला, आणि तोवर तहान जाऊन भूक लागली होती. तिघंही आपापल्या घरी जेवायला गेले. कासीम इतक्या लवकर आणि सरळ चालत घरी आलेला पाहून त्याच्या बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

अशी ती बैठक बसली. तिला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, शपथ तर नव्हतीच. शपथेचं अण्णांना हारापासून वावडं झालं होतं. पण तिला एक शिस्त आपोआप आली. मधून चालणारा बोलायचा आणि टोकांवरचे ऐकायचे, कारण टोक सोडून जाता येत नाही. बायकोचे दागिने, बापाची शेवटची हाक, बाजारात गेलेली अब्रू, असलं काय काय त्या दोरात वळलं गेलं. हसणंही तितकंच. शिंदीबरोबर खायचे फुटाणे त्यांना सोडवेनात, म्हणून गौराक्का फुटाणे पाठवत. एखादा मध्येच घसरायचा. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून यायचा. त्याला कोणी काही विचारत नसे, फक्त टोक हातात देत. अण्णाही एकदा घसरले, नागपंचमीला. दुसऱ्या दिवशी मधून चालताना त्यांनी ते स्वतः सांगितलं आणि पुढे चालत राहिले.

मला अर्थातच त्या बैठकीत बसायचं होतं. मी शिकलेला, सुधारणेची आवड असलेला, शिवाय शेजारी. एका संध्याकाळी स्वच्छ धोतर नेसून गेलो. अण्णांनी विचारलं, "गुरुजी, तुमी कदी पिली हाव का?"

"छे! कधीच नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मग तुमाला बसता येत न्हाई."

मी चिडलो. म्हणालो, हा कुठला न्याय? असं असेल तर आत जाऊन एक पेला घेऊन येतो. कासीमच्या हातून टोक सुटता सुटता राहिलं. अण्णा घाईनं म्हणाले, "हे काय बोलायलाव गुरुजी! सोडणाऱ्यांत यायला पितेत का कुनी? तुमी तितं मोरीवर बसा. हवा चांगली येती." मोरी म्हणजे सडकेखालच्या नाल्यावरचा दगडी कठडा. त्या दिवसापासून मी मोरीवर बसू लागलो. तिथून अर्धंमुर्धं ऐकू यायचं. हवा मात्र खरोखर चांगली होती.

गुत्तेदार भडकणारच होता. गिऱ्हाइकांना दोराखालून वाकून आत जावं लागे, आणि वाकलेल्यांपैकी एखाद-दुसरा वाकलेलाच मूठ धरून बसे. तो बाहेर येऊन ओरडला, "माझ्या दारात दोर कशाला?" अण्णा म्हणाले, "तुमच्या दारात न्हाई मालक, चिंचंच्या झाडाखाली हाय." पुढं काही दिवसांनी त्याच गुत्तेदाराचा माणूस शिंदीच्या झाडांवर चढायचा दोर मागायला आला. मारोती म्हणाला, देऊ नका, त्याच दोरानं शिंदी उतरंल. अण्णांनी सगळ्यांत घट्ट पिळाचा दोर काढून दिला. "चढणाऱ्याचा जीव त्याच्यावर हाय," म्हणाले. "शिंदीचं आपन हितं बगू." मला अण्णा आवडायचे ते अशा वेळी सगळ्यांत जास्त.

आता गौराक्कांना घाई झाली. व्याह्यांना कळवा म्हणून त्या रोज मागे लागत. अण्णा म्हणायचे, "अजून जरा पक्कं हुंदे. वल्या दोरावर वजन टाकू ने." गौराक्कांनी ऐकलं नाही. त्यांनी कासारणीबरोबर परस्पर निरोप धाडला की शिंदी सुटली. बसलिंगप्पा निरोपावर विश्वास ठेवणारे नव्हते. पिणारा माणूस सकाळी बघायचा नसतो, दिवे लागताना बघायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. कोणाला न सांगता ते गाडी जुंपून निघाले आणि बरोबर तिन्हीसांजेला सडकेवर पोचले.

त्यांनी काय बघितलं? समोर शिंदीखाना. त्याच्या दारात आपला व्याही. भोवती गावातले एकूण एक नावाजलेले पिणारे. मधे फुटाण्यांचं सूप. आणि नेमकं तेव्हाच कासीमनं काहीतरी सांगितलं असावं, कारण सगळे खदाखदा हसत होते. बसलिंगप्पांनी गाडीतून पाय खाली टाकला नाही. गाडी तिथेच वळवली आणि आले तसे गेले. दोन दिवसांनी माणूस निरोप घेऊन आला. "डोळ्यानं बगून आलो. बाळंतपण हितंच हुईल. पुना निरोप धाडू नका."

गौराक्का उंबऱ्यात बसून मोठ्यानं रडल्या. अण्णा दुकानातून उठले. हातात दोर नव्हता. इतक्या काळात मी त्यांचे हात रिकामे पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला भीती वाटली. दिवेलागण व्हायला आली होती. ते सडकेनं चालू लागले, मी मागून मोरीपर्यंत गेलो. चिंचेखाली कासीम आणि मारोती त्यांची वाट बघून कंटाळले होते आणि एका वाटसरूला टोक देऊन त्यांनी दोर सुरूही केला होता. अण्णा त्यांच्याकडे न बघता थेट दाराशी गेले. ताटीवर हात ठेवला. आतून ओळखीची हाक आली, "या या अण्णा, लई दिसानं!"

कासीम मधून चालत होता. तो उपदेश करणाऱ्यांतला नव्हता. तो नुसता वैतागून ओरडला, "अण्णा, हे वाटसरू सायब टोक ढिलं सोडायलेत! पीळ सुटायलाय, धरा की जरा!"

अण्णा तसेच उभे राहिले. मग त्यांनी वळून दोराकडे बघितलं. पीळ खरंच सुटत होता, मधे मोठं पोट आलं होतं. वाईट दोर त्यांना कधी बघवला नाही. "आसं धरतेत का," असं पुटपुटत ते आले, वाटसरूच्या हातून टोक घेतलं आणि मागे रेलून ताणलं. ते रडत होते, मोरीवरूनही ते दिसत होतं. टोक मात्र त्यांनी सोडलं नाही.

तिकडे कमठाण्यात काय झालं ते मागाहून पारूनं गौराक्कांना सांगितलं आणि गौराक्कांनी साऱ्या सडकेला. बसलिंगप्पा जेवताना आपल्या कारभारणीला तो प्रसंग पुन्हा एकदा रंगवून सांगत होते. पारू भाकरी वाढत होती. तिनं विचारलं, "मामा, अप्पा दारात बसून काय करायले हुते?"

"काय करणार? दोर वळायला हुता, चार पिणाऱ्यांला घिऊन."

"पीळ कसा हुता? मधी ढिला, का एकसारखा?"

"एकसारखा हुता की. ताठ. त्याचं काय?"

पारूनं भाकरीची दुरडी खाली ठेवली. "मग अप्पा प्याले नव्हते. प्याल्यावर त्यांच्या हातचा पीळ बसत न्हाई. मी ल्हानपणापासून दुसरं टोक धरलंय मामा, मला शिकवू नका." सुनेनं सासऱ्याला असं बोलायची रीत नव्हती. पारू म्हणाली, "उद्या गाडी जुपा. न्हाईतर मी चालत जाते."

गाडी येणार असल्याचं इकडे कळलं तेव्हा गौराक्कांनी दारात रांगोळी घातली, ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला. पण गाडीला उशीर झाला आणि दिवेलागण झाली. अण्णा उठले, तागाचा भारा खांद्यावर घेतला. गौराक्का चिडल्या. कासीमसुद्धा चिंचेखालून म्हणाला, "आज जावा की घरी, लेक यायलीय." अण्णा म्हणाले, "आजच जास्त भ्या वाटायलंय, कासीमभाई. दुक्कात मी निभावतो. आनंदातच माझं खरं न्हाई." आणि ते टोक धरून उभे राहिले.

दोर अर्धा झाला असेल, तेव्हा गाडी आली. बसलिंगप्पा हाकत होते. शिंदीखान्यापाशी आल्यावर बैल थांबले की त्यांनी थांबवले ते मला सांगता येणार नाही. पारू आधार घेत सावकाश खाली उतरली. पोट चांगलंच दिसत होतं. ज्या दारातून ती लहानपणी बापाला ओढून नेत होती तिथे ती उभी राहिली, आणि बाप समोर पाठ ताठ करून, दोन्ही हातांत दोर धरून.

"पारू, तू घरी हो म्होरं," अण्णा म्हणाले. "अव्वा तुकडा घिऊन बसलीय. हे सोडलं तर पीळ जाईल बग. एवढं हुंदे, आलोच."

"हुंदे की अप्पा," पारू म्हणाली. "मला काय गडबड हाय?" ती चिंचेच्या बुंध्याशी टेकून बसली आणि तिनं सुपातले फुटाणे घेतले. कासीम मधून चालत राहिला. मग दोर पुरा झाला, अण्णांनी तो गुंडाळला आणि दोघं बापलेक गाडीच्या पुढून चालत घरी गेले. मी मोरीवर एकटाच बसून राहिलो. मला इतका आनंद झाला होता की कोणाला तरी हार घालावासा वाटत होता, पण मी तो मोह आवरला.

मुलगी झाली. बसलिंगप्पा नातीला बघायला वरचेवर येऊ लागले, आणि नेहमी दिवेलागणीलाच पोचू लागले. आधी ते गाडीतच बसून बैठक बघत. मग चिंचेखाली उभे राहून. एका संध्याकाळी अण्णांनी काही न विचारता त्यांच्या हातात टोक दिलं आणि त्यांनी ते धरलं. कमठाण्याच्या रुंद पट्ट्यांच्या माणसालाही आत जागा मिळाली, आणि मी मात्र मोरीवरच. त्या दिवशी मला बसलिंगप्पांचा मनापासून हेवा वाटला.

पुढं राज्याची वाटणी झाली. बिदरचा हा भाग कानडी मुलखात गेला, आमच्या उदगीरकडचा मराठीत, आणि माझी बदली गावाकडे झाली. ज्या मोटारीनं मी निघालो ती संध्याकाळची. अण्णा सकाळीच दुकानात भेटले होते, माझ्या ट्रंकेला त्यांनी असा दोर बांधून दिला की पुढं घरी गेल्यावर तो कापावा लागला. "संध्याकाळी यायला जमणार न्हाई गुरुजी," म्हणाले होते. मोटार शिंदीखान्यापाशी आली तेव्हा मी खिडकीतून बाहेर वाकलो. दोर ताणलेला होता. मधून एक अनोळखी तरुण गाडीवान चालत होता, मान खाली, काहीतरी सांगत होता. टोकावर अण्णा. शेजारी तागाच्या ढिगाऱ्यावर पारूची लेक बसलेली, आजोळी आली होती. मी हाक मारली. अण्णांनी बघितलं, ओळखीचं हसू आलं, पण हात दोन्ही दोरात होते. त्यांनी नातीला हनुवटीनं खूण केली. तिनं त्यांच्या वतीनं माझ्याकडे बघून हात हलवला, चांगला मोटार वळेपर्यंत हलवला, आणि मग ती पुन्हा फुटाणे खाऊ लागली.